कोपराएवढी उंची

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘हात आणि अवजार’ हा विषय दिला आणि सोबत एक अट घातली. अवजाराचं कौतुक नको, ते वापरणाऱ्या माणसाचं शरीर बघा. मी लाकडाचा लेथ निवडला. घरातलं लाटणं, ताकाची रवी, पाळण्याचे खांब, देव्हाऱ्याचे छोटे स्तंभ, पलंगाचे पाय, मुलांचा भोवरा, हे सगळं कातीव काम लेथवर होतं. वस्तू किती गोल, किती गुळगुळीत हे आपण दुकानात उभे राहून बघतो. ती घडवणारा माणूस दिवसभर कसा उभा असतो, हे बघायला मात्र त्याच्या गाळ्यात जावं लागतं.

सावंतवाडीत गेलो, पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास फिरलो, हौसेने लेथ घेतलेल्यांच्या गॅलऱ्या आणि गॅरेजं पाहिली. सगळीकडे एकच प्रश्न विचारला: या मशीनची उंची कुणी ठरवली? ‘मशीन आलं तेव्हा अशीच होती.’ ‘वडिलांनी चौथरा बांधला होता.’ ‘स्टँड मशीनबरोबरच आला.’ ‘वेल्डरकडे अँगल उरला होता, त्यात बसली तेवढी.’ स्वतःचं माप घेऊन उंची ठरवली, असं सांगणारे फार थोडे भेटले. मोटर किती हॉर्सपॉवरची, बेअरिंग कुठलं, पुलीला किती खाचा, हे मात्र प्रत्येकाला तोंडपाठ होतं.

मोटर बदलायला पैसे लागतात. उंची बदलायला चार विटा किंवा दोन फळ्या लागतात. तरीही माणसं वीस-वीस वर्षं चुकीच्या उंचीवर काम करत राहतात आणि दुखणाऱ्या पाठीला वयाचा दोष देतात. ही गोष्ट मला अस्वस्थ करून गेली, म्हणून हा लेख त्या एकाच मापाबद्दल आहे.

चितार आळीच्या मागच्या खोलीत

सावंतवाडीला मोती तलाव आणि राजवाडा बघून माणूस चितार आळीकडे वळतो. दुकानांत लाकडी केळी, आंबे, सीताफळं, वांगी टोपल्यांतून मांडलेली असतात. भातुकलीचे संच, खुळखुळे, रंगीत पाट असतात. राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी गंजिफा आणि लाखकाम पुन्हा उभं केलं, त्याची आठवण गावात अजून आदराने निघते. गिऱ्हाइकाची नजर रंगावर असते आणि रंगाचं काम दर्शनी भागात बसून चालतं. कातायचं काम मागे चालतं, कारण भुसा उडतो आणि आवाज होतो.

अशाच एका मागच्या खोलीत साठीच्या पुढचे एक कारागीर पांगाऱ्याचा ठोकळा लेथवर चढवत होते. पांगारा हलका, मऊ, भराभर कातला जाणारा. खेळण्यांना तो सोयीचा. लेथ जुना: दोन जाड लाकडी तुळयांचा बेड, एका टोकाला स्पिंडल, म्हणजे लाकूड फिरवणारा आस, असलेला हेडस्टॉक, दुसऱ्या टोकाला पुढे-मागे सरकणारा टेलस्टॉक, टेबलाखाली मोटर आणि वर येणारा पट्टा. ठोकळा दोन सेंटरांमध्ये अडकला, मोटर सुरू झाली आणि त्यांनी पाय फाकवले. जवळजवळ तीन फूट. मग गुडघे किंचित वाकले, कंबर पुढे झुकली, मान खाली गेली. गोल पटाशी लाकडाला भिडली ती या सगळ्यानंतर.

काम थांबल्यावर त्यांच्या परवानगीने टेप लावला. जमिनीपासून स्पिंडलच्या मध्यापर्यंत ८९ सेंटिमीटर. जमिनीपासून त्यांच्या वाकवलेल्या कोपरापर्यंत १०६. मधे १७ सेंटिमीटरचं अंतर आणि ते भरून काढण्यासाठी शरीराकडे तीनच जागा: गुडघे, कंबर आणि मान. ते तिन्ही वापरत होते. टेबल त्यांच्या वडिलांनी करून घेतलं होतं आणि वडील त्यांच्यापेक्षा बरेच बुटके होते.

‘‘मशीन माज्या उंचीचा नाय, मीच मशीनच्या उंचीचो झालंय,’’ ते म्हणाले आणि पुढच्या ठोकळ्याला हात घातला.

माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. मान सरळ असेल तर ते वजन मणक्यावर उभं राहतं आणि स्नायूंना फारसं काही करावं लागत नाही. मान झुकली की तेच वजन मानेच्या मागच्या स्नायूंनी धरून ठेवायचं. कंबरेतून पुढे वाकलं की डोकं, खांदे, छाती, दोन्ही हात असा शरीराचा निम्म्याहून अधिक भार कमरेचे स्नायू ओढून धरतात. क्षणभर वाकलं तर काही बिघडत नाही. कातकामात मात्र वाकलेल्या स्थितीत स्थिर राहावं लागतं, कारण अंग हललं तर पटाशी हलते आणि पटाशी हलली तर लाकूड फाटतं. आखडलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही, म्हणून तो लवकर थकतो आणि मग दुखतो. वजन उचलणाऱ्या माणसापेक्षा न हलता वाकून राहणारा माणूस लवकर का थकतो, याचं उत्तर इथे आहे.

जमिनीवरून टेबलावर

आधीच्या पिढ्यांमध्ये हे काम बसून होत असे. जमिनीत किंवा फळीवर रोवलेले दोन ठोकळे, त्यांना लोखंडी अणी, अणींमध्ये लाकूड आणि लाकडाला दोरीचा एक वेढा. दोरी धनुष्याला बांधलेली. एक हात धनुष्य पुढे-मागे ओढणार, दुसरा हात पटाशी धरणार आणि पायाची बोटं पटाशीचं पातं दाबून ठेवणार. लाकूड एकदा इकडे फिरतं, एकदा तिकडे. पटाशी फक्त एका फेरीला कापते, परतीच्या फेरीला किंचित मागे घ्यायची. कर्नाटकातल्या चन्नपट्टणलाही खेळणी अशाच धनुष्याच्या लेथवर होत आणि तिथल्या जुन्या हातांना ती पद्धत अजून ठाऊक आहे.

त्या बैठकीचे स्वतःचे त्रास होते: गुडघे, नितंब, पावलांचे सांधे. एक गोष्ट मात्र जुळलेली असे. काम डोळ्यांपासून हातभर अंतरावर आणि कोपर मांडीशी टेकलेलं. अवजार आणि शरीर एकाच जमिनीवर असल्यामुळे उंचीचा प्रश्न बसणाऱ्याच्या मांडीने आपोआप सोडवलेला होता.

मोटर आली तेव्हा ही सगळी रचना उचलून टेबलावर ठेवली गेली. मोटर खाली बसवायची म्हणून टेबल. टेबल सुताराकडचं, म्हणजे रंधा मारायच्या उंचीचं. रंधा मारताना वरून जोर द्यावा लागतो, त्यामुळे सुताराचं बाकडं मुद्दाम खुजं असतं आणि ते बरोबरच आहे. कातकामाला ते चुकीचं आहे. सावंतवाडीत, पुण्यात, मी जिथे-जिथे खुजे लेथ पाहिले, तिथे बहुतेक वेळा खाली सुताराचं बाकडंच निघालं.

धातूच्या लेथची सवयही इथे आड येते. आयटीआयमध्ये ‘टर्नर’ या ट्रेडला जो लेथ शिकवतात तो लोखंड कापणारा. त्यात हत्यार टूलपोस्टमध्ये घट्ट आवळलेलं असतं, हात फक्त चाकं फिरवतात. मशीन थोडं खाली-वर असेल तरी कापण्याच्या कोनात फरक पडत नाही. लाकडाच्या लेथवर हत्यार माणसाने धरलेलं असतं. डावा हात टूल रेस्टपाशी, म्हणजे हत्यार टेकवायच्या आधारापाशी, उजवा दांड्याच्या शेवटी आणि दांडा नितंबाच्या हाडाशी टेकवलेला. म्हणजे रेस्ट, हात आणि कंबर मिळून टूलपोस्ट होतो. मशीनची उंची चुकली की हा टूलपोस्टच वाकडा बसतो.

कोपर हेच माप का

१७०० साली इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला ‘तुझा धंदा काय?’ हे विचारायचा आग्रह धरला. कामाच्या बैठकीमुळे शरीर बिघडतं, हे इतकं जुनं शहाणपण आहे. कामाच्या उंचीचे आकडे विसाव्या शतकात पक्के झाले. स्वित्झर्लंडचे एतिएन ग्राँजाँ यांनी उभ्याने करायच्या कामांसाठी कोपर हा पाया धरला. बारीक, नाजूक काम कोपरापेक्षा ५ ते १० सेंटिमीटर वर. साधं हातकाम १० ते १५ सेंटिमीटर खाली. वरून जोर लावायचं काम १५ ते ४० सेंटिमीटर खाली.

घरातला ओटा हे याचं रोजचं उदाहरण. पोळी लाटताना खांद्याचा दाब वरून यावा लागतो, म्हणून ओटा कोपराच्या बराच खाली असतो. त्याच ओट्यावर उभं राहून कुणी तासभर तांदूळ निवडू लागलं तर मान धरते, कारण निवडणं हे डोळ्यांचं काम आहे आणि त्याला उंची लागते.

कातकाम या दोन्हींच्या मधलं आहे. नजर पटाशीच्या धारेवर खिळलेली हवी आणि हात सैल पण ठाम हवेत. म्हणून जगभरच्या कातारी लोकांत जो नियम रूढ झाला तो असा: स्पिंडलचा मध्य उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीवर. काही अनुभवी मंडळी दीड-दोन इंच वर पसंत करतात, विशेषतः वाडगे आणि खोलगट भांडी कातणारे. त्यांची पटाशी लांब दांड्याची असते, दांडा खाली कमरेशी आणि धार वर लाकडाशी. मशीन उंच असेल तर हा उतार नीट मिळतो आणि वाडग्याच्या पोटात डोकावायला वाकावं लागत नाही. लाटणी, खांब, पलंगाचे पाय असं लांब काम करणाऱ्यांना बरोबर कोपराइतकी किंवा त्याहून बोटभर कमी उंची मानवते.

फार उंच केलं तर? तेही पाहिलं. ठाण्यात एका हौशी गृहस्थांनी पाठीच्या धास्तीने लेथ इतका वर चढवला होता की कातताना त्यांची कोपरं पंखांसारखी बाहेर येत. खांदे उचललेले राहिले की मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू कडक होतो. त्याहून वाईट म्हणजे दांडा कमरेला टेकत नाही. मग पटाशीचा सगळा धक्का मनगटावर येतो. धार लाकडात अडकून हिसका बसला, की तो हिसका कंबर पेलू शकते, मनगट पेलू शकत नाही. पाठदुखी हळूहळू येते. हा धोका एका क्षणात येतो, म्हणून ‘जितकं उंच तितकं चांगलं’ हा समज मला खुज्या बाकड्याइतकाच घातक वाटतो.

माप घ्यायची रीत

ही रीत साधी आहे, पण तिच्यातली प्रत्येक पायरी मी कुणी ना कुणी गाळलेली पाहिली आहे.

काम करताना जे पायात असतं तेच घालून भिंतीला बाजू लावून उभं राहा. जाड तळाचे बूट उंचीत सहज दोन-तीन सेंटिमीटर घालतात आणि अनवाणी घेतलेलं माप तेवढ्याने चुकतं. दंड सरळ खाली सोडा, खांदे सैल ठेवा, कोपरातून हात काटकोनात पुढे आणा. कोपराच्या खालच्या टोकाशी दुसऱ्या माणसाकडून भिंतीवर पेन्सिलची खूण करून घ्या. स्वतः खूण करायला गेलं की खांदा तिरका होतो. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचं अंतर ही स्पिंडलची उंची.

माप घेण्याआधी अंदाज हवा असेल तर उभ्या उंचीच्या साधारण ६३ टक्क्यांवर कोपर येतं. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचं १०४ च्या आसपास, १५२ च्या बाईचं ९६ च्या आसपास, १७८ च्या माणसाचं ११२ च्या आसपास. यावर बूट. पण हा अंदाजच. हातापायांची प्रमाणं माणसागणिक वेगळी असतात आणि परदेशी माणसांच्या मापांवर आखलेले स्टँड आपल्याकडे जसेच्या तसे बसत नाहीत. भारतीय शरीरांची मापं देबकुमार चक्रवर्ती यांनी संकलित केली आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये ती पुस्तकरूपाने काढली. यंत्रं आणि फर्निचर आखणाऱ्यांच्या टेबलावर ते पुस्तक असायला हवं.

आता लेथचं स्वतःचं माप. छोटा लेथ असेल तर त्याच्या पायांच्या तळापासून स्पिंडलच्या मध्यापर्यंत मोजा. समजा ३३ सेंटिमीटर भरले आणि कोपर १०४ वर आहे, तर टेबल ७१ सेंटिमीटरचं हवं. ही वजाबाकी न करता लोक आधी टेबल विकत घेतात. घरातलं जेवणाचं किंवा कॉम्प्युटरचं टेबल साधारण ७५ सेंटिमीटरचं असतं. त्यावर हाच लेथ ठेवला तर चार सेंटिमीटर वर जातो आणि उंच माणसाला तेच टेबल कमी पडतं.

एवढं झाल्यावर लगेच बोल्ट आवळू नयेत, असं मला टिंबर मार्केटजवळच्या एका मुरलेल्या कारागिराने बजावलं. लेथ आधी फळ्यांच्या तुकड्यांवर, मोटर बंद ठेवून उभा करायचा. सेंटरमध्ये लाकूड अडकवायचं, पटाशी रेस्टवर ठेवायची, धार लाकडाच्या मध्यरेषेशी आणि दांडा कमरेशी. मग डोळे मिटून खांदे सैल सोडायचे. खांदे खाली आले आणि धार जागची हलली, तर लेथ उंच आहे. पाठ सरळ करावीशी वाटली तर लेथ खुजा आहे. त्यानंतर पक्क्या आधारावर ठेवून थोडे दिवस हलकं काम करून बघायचं आणि मगच भोकं पाडायची. ‘‘हाड बोलतं, पण पहिल्या दिवशी नाही बोलत,’’ असं ते म्हणाले.

टूल रेस्टची उंची वेगळी. लेथ बरोबर असूनही रेस्ट चुकीचा ठेवला तर माणूस पुन्हा वाकतो. रेस्ट मध्यरेषेच्या थोडा खाली हवा, म्हणजे पटाशीची जाडी धरून तिची धार मध्यावर येते. प्रत्येक पटाशीची जाडी वेगळी, म्हणून हत्यार बदललं की रेस्टही थोडा हलवावा लागतो. घाईत हे कुणी करत नाही आणि त्याची भरपाई मनगट वाकवून केली जाते.

एकच लेथ, अनेक माणसं

घरातल्या हौशी माणसाचा लेथ त्याच्या एकट्याचा असतो. कारखान्यात तसं नसतं. सकाळी उस्ताद, दुपारी त्याचा भाचा, मधे शिकाऊ पोरगा. चन्नपट्टणला बायका मोठ्या संख्येने लेथवर उभ्या असतात, आपल्याकडेही प्रशिक्षणवर्गांमध्ये मुली येऊ लागल्या आहेत. १५२ आणि १७८ सेंटिमीटर उंचीच्या दोन माणसांच्या कोपरात १६ सेंटिमीटरचा फरक. मग लेथ कुणाच्या मापाचा?

माझ्या पाहण्यात आलेलं सगळ्यात समंजस उत्तर हे: लेथ सगळ्यात उंच माणसाच्या मापाने बसवायचा आणि बाकीच्यांच्या पायाखाली पाट द्यायचे. माणूस वर चढू शकतो, उंच माणसाला खाली जाता येत नाही. उलट केलं, म्हणजे लेथ बुटक्या माणसाच्या मापाने बसवला, तर उंच माणसाच्या पाठीला वाचवणारी कुठलीच युक्ती उरत नाही. पाट मात्र नीट करावा लागतो. लेथच्या पूर्ण लांबीचा आणि मागे दोन पावलं सरकता येईल इतका रुंद. आखूड पाटावरून मागे पाऊल गेलं आणि समोर लाकूड फिरत असेल तर अपघात ठरलेला. फळ्यांमध्ये बोटभर फटी ठेवल्या की भुसा खाली पडतो आणि पाय घसरत नाही. सिमेंटच्या थंड लादीपेक्षा लाकडावर उभं राहणं टाचांनाही सोसतं.

एका प्रशिक्षणवर्गात पाट होता, पण भिंतीला टेकवून ठेवलेला. मुलींना तो घ्यायला संकोच वाटत होता, पाट घेणं म्हणजे कमी पडणं असं कुणीतरी त्यांच्या मनात भरवलं होतं. शिकवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी प्रत्येकाचं कोपर मोजून भिंतीवर नावासमोर माप लिहावं आणि ज्याचा पाट त्याने न सांगता घ्यावा, इतकी ती गोष्ट साधी झाली पाहिजे.

ज्यांना उभं राहणं झेपत नाही त्यांच्यासाठी बसून कातण्याची सोय होऊ शकते. नियम तोच, कोपर. फक्त ते बसल्यावर मोजायचं आणि गुडघ्यांसाठी लेथखाली मोकळी जागा ठेवायची. चाकाच्या खुर्चीवरून काम करणाऱ्यांसाठी बेड पुढे कलता ठेवलेले लेथही बनवले गेले आहेत.

विटा, फळ्या आणि वाळू

उंची वाढवली की लेथ डुगडुगू लागतो, ही तक्रार खरी आहे. गोल न झालेला, एका बाजूला जड असलेला ठोकळा फिरताना लेथला हिसके देतो आणि आधार जितका उंच तितके ते हिसके वाढतात. त्यावर उपाय वजनाचा आहे. स्टँडचे पाय खाली बाहेरच्या बाजूला पसरलेले हवेत. खालच्या आडव्या पट्ट्यांवर फळी टाकून वाळूच्या गोण्या ठेवल्या तर लेथ बसतो. वाळू वजन देते आणि थरथरही गिळते. पायाखाली नुसते रबराचे तुकडे घालून उंची वाढवू नये. रबर दबतं, चारही बाजूंना सारखं दबत नाही आणि लेथ नाचतो. उंचीसाठी सागवान किंवा बाभळीसारख्या टणक लाकडाचे पूर्ण रुंदीचे ठोकळे, त्यातून आरपार बोल्ट. लादी असमान असेल तर पाचर ठोकून चारही पाय आधी टेकवायचे.

वेगाचा हिशेबही इथेच सांगायला हवा, कारण थरथरीचं निम्मं कारण वेग असतो. लाकडाचा व्यास इंचांत आणि फेरे मिनिटाला, यांचा गुणाकार ६००० ते ९००० मध्ये ठेवावा, असा कातकाम करणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. दहा इंची वाडग्याला ६०० ते ९०० फेरे. ओबडधोबड ठोकळ्याला त्याहूनही कमीपासून सुरुवात.

आपल्याकडे विटांचा चौथरा लोकप्रिय आहे आणि वजनाच्या दृष्टीने तो उत्तमच. त्यात एक दोष मात्र मी जवळजवळ सगळीकडे पाहिला. चौथरा समोरून सरळसोट बांधतात. मग पावलं त्याला अडतात, माणूस लेथपासून एक वीत लांब उभा राहतो आणि ती वीत भरून काढायला पुन्हा कमरेतून वाकतो. उंची अगदी बरोबर असूनही! चौथऱ्याच्या तळाशी पुढची बाजू चार इंच आत घेतली की पावलं आत जातात आणि पोट बेडला लागतं. दिवसभर उभं राहणाऱ्याला एक पाय आळीपाळीने ठेवायला खाली दांडी मिळाली तर कमरेला आणखी आराम.

बंद करायचं बटणही उंचीच्याच हिशेबात धरावं. पुष्कळ ठिकाणी ते हेडस्टॉकच्या मागे भिंतीवर असतं, म्हणजे बंद करायला फिरत्या लाकडावरून हात न्यायचा. ते समोर, मांडीच्या किंवा डाव्या हाताच्या टप्प्यात हवं. सैल बाह्या, ओढणी, पदर, गळ्यातली साखळी हे लेथपाशी नकोच. चेहऱ्यावर पारदर्शक ढाल हवी आणि मोटर सुरू करताना फिरत्या लाकडाच्या रेषेतून बाजूला उभं राहायला हवं.

लाख आणि चष्मा

सावंतवाडीत एक अडचण दिसली जी साध्या कातकामात येत नाही. कातून झाल्यावर वस्तू लेथवरच असते आणि तिच्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाने उष्णता होते, लाख वितळते, लाकडावर पसरते. मग तेलाचं बोट लावून केवड्याच्या पानाने ती सारखी करतात आणि चकाकी येते. कांडी दाबायला जोर लागतो. म्हणजे कातायला कोपराएवढी उंची आणि लाख लावायला थोडी कमी, दोन्ही एकाच मशीनवर. इथे पाटाचा उलटा उपयोग होतो: लेथ कातायच्या उंचीवर ठेवायचा आणि लाख लावताना दोन इंचांच्या पाटावर चढायचं. हे मी सुचवल्यावर दोघा-तिघांनी तिथल्या तिथे फळी टाकून पाहिली आणि दाब सोपा जातो, असं सांगितलं.

उंची बरोबर करूनही वाकणारी माणसं मी पाहिली. त्यांना दिसत नव्हतं. चाळिशीनंतर जवळचं धूसर होतं, धार कुठे टेकली हे कळेना की डोकं आपोआप पुढे जातं. छतावरची एक ट्यूब आणि माणसाचीच सावली कामावर. अशा ठिकाणी लेथ उचलण्याआधी वळणाऱ्या दांड्याचा दिवा बाजूने लावावा आणि डोळे तपासून घ्यावेत. दुहेरी काचेचा चष्मा असेल तर जवळची काच खाली असते, त्यामुळे मान मागे कलते. लेथसाठी एकाच अंतराची वेगळी काच करून घेतलेली बरी. चष्मेवाल्याला आपल्या डोळ्यापासून कामापर्यंतचं अंतर मोजून सांगायचं, म्हणजे तो त्या अंतराची काच देतो.

मागणी कुणाकडे करायची

कारागिराने स्वतः विटा लावाव्यात हे ठीकच, पण सगळा भार त्याच्यावर टाकणं न्यायाचं नाही. मशीन कारखान्यातून निघतं तेव्हा उंची तिथेच ठरलेली असते. स्टँडच्या पायात नळीच्या आत नळी घालून दर दोन इंचांवर भोकं पाडली आणि एक जाड खिळबोल्ट दिला, तर एकच स्टँड १५० पासून १८० सेंटिमीटरपर्यंतच्या माणसांना पुरेल. हे तंत्र अवघड नाही. शिवणयंत्रापासून जिमच्या बाकापर्यंत सगळीकडे ते आहे. कारागिरांना लेथ देणाऱ्या सरकारी आणि खाजगी योजनांनी खरेदीच्या अटींत ‘उंची बदलता येणारा स्टँड आणि पाट’ ही एक ओळ घालावी.

आणि लेथ घेणाऱ्या वाचकाला विनंती: दुकानात जाताना कोपराचं माप चिठ्ठीवर लिहून न्या. मोटरची चौकशी करण्याआधी स्पिंडलचा मध्य जमिनीपासून किती वर येतो ते विचारा आणि विक्रेत्याला सांगता आलं नाही, तर त्याच्यासमोर टेप लावून स्वतः मोजा.